कोऱ्या पाटीची शपथ

फार पूर्वी, नद्यांवर पूल कमी आणि पुलांवर बोलणारे जास्त होते त्या काळी, एका नदीकाठी एक मोठं विद्यापीठ होतं. तिथले आचार्य पूल बांधण्याची विद्या शिकवत. त्यांच्यासारखा जाणकार आसपासच्या राज्यांत नव्हता, आणि त्यांच्याइतका हट्टीही.

विद्यापीठाची एक रीत होती. नव्या विद्यार्थ्याने दारातच पाटीवर आपल्याला काय काय येतं ते लिहायचं, मग ओल्या फडक्याने ते पुसायचं आणि शपथ घ्यायची, "आधीचं सगळं पुसलं." मग तो सुतार असो की गवंडी, सुरुवात पहिल्या इयत्तेपासून. एखादा पाठ होण्याआधीच कुणी ते काम करून दाखवलं, तर त्याचं बोचकं दाराबाहेर! "कोऱ्या पाटीवरच अक्षर उमटतं," असं आचार्य म्हणत. ऐकणारे माना डोलवत. न डोलवून करतात काय?

एक दिवस एक नावाडीण आली. वय चाळिशीचं.

"गुरुजी, आमच्या गावाजवळ दरवर्षी नाव उलटते. माझा नवरा आणि थोरली लेक तिथंच गेली. मला पूल बांधायला शिकवा. नदी मला कळते, वल्हवता येतं. तेवढं धरून पुढचं शिकवा, म्हणजे लवकर परत जाईन."

आचार्यांना हसू आलं. "बाई, नदीचा पाठ दुसऱ्या वर्षी, वल्ह्याचा चौथ्या, पुलाचा दहाव्या. इथं कुणी मधूनच आत शिरत नाही."

"पण तोवर गावात आणखी किती जणं..."

"पाटी पूस, नाहीतर घरी जा."

तिला लिहिता येत नव्हतं. तिने पाटीवर एक नाव काढली, क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि फडकं फिरवलं. दुसऱ्या दिवसापासून ती चिल्ल्यापिल्ल्यांच्या ओळीत बसून 'नदीला दोन काठ असतात' असं घोकू लागली.

त्याच आठवड्यात आचार्यांच्या वहाणेचा अंगठा तुटला. एका विद्यार्थ्याने तो चटकन शिवून दिला. वहाण झकास झाली. पण शिवणाचा पाठ अजून झाला नव्हता, म्हणून विद्यार्थ्याची मात्र संध्याकाळच्या आत घरी रवानगी झाली. नावाडिणीने हे पाहिलं आणि पदर घट्ट आवळून घेतला.

पुढे एकदा पहिल्या इयत्तेला पलीकडचा जुना पूल दाखवायला आचार्य नावेतून निघाले. नदीच्या मध्यावर नावाड्याला भोवळ आली. वल्ही सोडून तो जागीच आडवा झाला. नाव गर्रकन वळली आणि प्रवाहाबरोबर कड्याकडे निघाली. त्या कड्यावरून नदी खाली खडकांवर कोसळत होती.

"कुणाला वल्हवता येतं?" आचार्य ओरडले.

कुणी हललं नाही. आचार्यांनी पाहिलं, निम्मी पोरं तर नदीकाठचीच. सगळी आपले हात मांडीखाली दाबून बसली होती. नावाडीण वल्ह्याच्या शेजारीच होती. तिचा हात पुढे गेला आणि मागे आला.

"अगं, बघतेस काय? तुला येतं ना!"

"येत होतं, गुरुजी." ती म्हणाली. "तुमच्यासमोरच पुसलं. आता वल्ह्याला हात लावला तर मला काढून टाकाल. मग माझ्या गावाला पूल कोण बांधणार?"

आचार्यांच्या पायांखालची नावच सरकली जणू. समोर मरण गर्जत होतं आणि ही बाई कड्याला भीत नव्हती, त्यांना भीत होती! ती एवढाली पोरंसुद्धा त्यांनाच भीत होती!

त्यांनी स्वतः एक वल्हं उचललं आणि त्यांचे हात सराईतपणे चालू लागले. पोरं डोळे फाडून बघत राहिली. आचार्य स्वतः एका नावाड्याच्या घरी जन्मले होते. तरुणपणी विद्यापीठाच्या त्याच दारात त्यांनीही पाटी पुसली होती आणि पुढे जन्मभर हे कुणाला कळू दिलं नव्हतं.

पण एका वल्ह्याने नाव नुसती गोल फिरू लागली. आचार्य जिवाच्या आकांताने ओरडले, "बाई, माझी शपथ मोडली! आता तुझी मोड!"

तिने दुसरं वल्हं ओढलं. कडा अगदी हाकेवर असताना नाव काठाला लागली. आचार्य तिथंच चिखलात बसले आणि कितीतरी वेळ उठलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या विद्यापीठाला अंगणात बोलावलं. "ज्याला जे येतं ते करून दाखवा," ते म्हणाले. नुसत्या सांगण्यावर त्यांनी कुणालाच सोडलं नाही. नावाडिणीची तर कसून परीक्षा घेतली आणि म्हणाले, "नदी पक्की, हिशेब कच्चा. पुलासाठी मोठ्यांत बस, हिशेबासाठी लहानांत."

"बसते की!" ती म्हणाली. थोड्याच वर्षांत तिच्या गावची माणसं पुलावरून नदी ओलांडू लागली.

पण त्या दिवशी अंगणात सर्वांत शेवटी उभा राहिला तो विद्यापीठातला सर्वांत जुना विद्यार्थी. त्याचं शिक्षण संपत आलं होतं, चुन्याचा पाठ तेवढा राहिला होता.

"इथं येण्याआधी तू काय करत होतास रे?"

"गवंडीकाम. मला आठवत नाही, आई सांगते तसं."

आचार्यांनी त्याच्या हातात थापी दिली. त्याने ती उलटीपालटी करून पाहिली. भिंतीवर चुना लावायला गेला, तो ओघळून खाली पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला.

"गुरुजी, मी खूप मन लावून पुसलं होतं हो," तो म्हणाला आणि हमसून हमसून रडू लागला.

आचार्य त्याच्याजवळ गेले. खाली पडलेला चुना ते स्वतःच्या हातांनी गोळा करू लागले.

तात्पर्य: शिकवायला बसण्याआधी समोरच्याला काय येतं ते विचारावं, पुसून टाकलेलं सगळंच पुन्हा उमटत नाही.