गुरूआधीचा घास

"आणि रडता रडता बाबा काय म्हणाले?"

त्र्यंबकशास्त्रींनी वही उघडली. मठात स्वयंपाक करणारी राहीबाई चुलीपुढून उठली, पदराला हात पुसले.

"म्हणाले, माझी आंघोळ झाली का गं..."

शास्त्रींनी ते लिहून घेतलं आणि खाली लगेच अर्थही लिहिला: अंतःकरणाची शुद्धी. तेरणाकाठच्या या मठात वीस वर्षं त्यांचं हेच चाललं होतं. केवलबाबांनी एक शब्द बोलावा, शास्त्रींनी त्याचं पान भरावं. त्यांच्या विद्वत्तेला तालुक्यात तोड नव्हती, आणि हे त्यांना दुसऱ्या कुणी सांगायची गरजही नव्हती.

अलीकडे बाबा फारसे बोलत नसत. भिंतीकडे तोंड करून बसत. मधूनच डोळे वाहू लागत. हे मौन आहे आणि हे अश्रू प्रेमाचे आहेत, असं शास्त्रींनी भक्तांना सांगून टाकलं होतं. दर्शनाला आलेला एक डॉक्टर म्हणाला होता, बाबांना विसरण्याचा आजार जडतोय आणि मनही फार खचलंय, उपचार सुरू करा. शास्त्रींनी त्याच्या हातावर प्रसाद ठेवला आणि त्याला वाटेला लावलं.

आता तीन दिवस झाले, बाबा जेवले नव्हते. शास्त्रींच्या लेखी ते व्रत होतं.

"कसलं व्रत, शास्त्रीबुवा?" राहीबाई म्हणाली. "भुकेलेत ते."

"मग जेवत का नाहीत? ताट तर समोर असतं."

"सुरुवात कशी करायची ते ध्यानात येत न्हाई त्यांच्या. माझ्या सासूचं असंच झालं हुतं. आपण म्होरं बसून खाल्लं, की बघून बघून खायची... पर हितं त्यांच्याम्होरं खाणार कोण?"

शास्त्रींनी वही मिटली.

गुरूंनी घास उचलल्याशिवाय पंगतीत कुणी अन्नाला हात लावायचा नाही, हा मठाचा नियम. शास्त्रींनीच तो कडक केला होता. तीन दिवस चाळीस माणसं हात जोडून बाबांच्या हाताकडे बघत बसली होती आणि बाबा त्या चाळीस जणांकडे. शेवटी ते तसेच उठून जात. मग, नियम पंगतीपुरताच म्हणून, बाकीची पंगत आत स्वयंपाकघरात जेवून घेई.

शास्त्रींच्या अंगावर काटा आला. आपण भक्ती भक्ती म्हणत म्हाताऱ्या माणसाला उपाशी ठेवलं...

दुपारी पंगत बसली. शास्त्री आपली जागा सोडून, ताट घेऊन बाबांच्या समोर येऊन बसले. वही आणली नव्हती.

"बाबा, कसं वाटतंय?"

असं साधं त्यांनी कित्येक महिन्यांत विचारलं नव्हतं. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"समदं विझल्यागत झालंय रे... हे कुणाचं घर, ते कळत न्हाई. लई भ्या वाटतं."

शास्त्रींना हजार ओव्या पाठ होत्या. त्यातली एकही ओठावर आली नाही. आली नाही तेच बरं झालं.

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. पिठल्याला लावला. पंगतीत कुजबुज उठली आणि थांबली. गुरूंसमोर, त्यांच्याआधी, शास्त्रींनी आजवर पाण्याचा घोटही घेतला नव्हता. त्यांनी घास तोंडात घातला.

बाबांना दिसेल असं चावत राहिले.

बाबा बघत होते. आधी त्यांच्या तोंडाकडे, मग हाताकडे...

शास्त्रींनी दुसरा घास मोडला, अगदी सावकाश.

बाबांचा हात हलला. ताटाच्या कडेपाशी येऊन अडला. शास्त्रींनी न थांबता तिसरा घास घेतला.

मग बाबांनी भाकरी मोडली. पिठल्यात बुडवली. तोंडात घातली.

चाळीस माणसं श्वास रोखून एका म्हाताऱ्याचं चावणं ऐकत होती. दारात राहीबाईने पदर तोंडाला लावला.

शास्त्रींनी आयुष्यात पुष्कळ चमत्कार वाचले होते आणि प्रत्येकाचा अर्थही सांगितला होता. या एकाचा त्यांना सांगता येईना. वीस वर्षं या पायांवर डोकं ठेवलं, पण दर्शन आज पहिल्यांदा होत होतं, असं त्यांना वाटलं. डोळे भरून आले आणि समोरचं ताट दिसेनासं झालं.

बाबा खात होते. अर्धी भाकरी संपली.

"बाबा," शास्त्री हात जोडून म्हणाले, "नियम मोडला मी. तुमच्याआधी जेवलो."

बाबा चावायचे थांबले. शास्त्रींचे जोडलेले हात त्यांनी आपल्या खरकट्या हाताने सोडवले आणि पुन्हा ताटाकडे नेले.

"तू पुढं हो," ते म्हणाले. "मी येतो मागनं..."