कोळवाडीची बारव

"पण घेतलं ते तुमच्याच पुस्तकातनं ना, मास्तर? मग माझा लेख उडवलात कशाला?"

चपला काढायच्या आतच सुदर्शन भांडायला लागला होता. इंटरनेटवरच्या मुक्त ज्ञानकोशात, जिथे कुणीही लिहावं आणि कुणीही सुधारावं, त्यानं आपल्या गावच्या बारवेवर, त्या जुन्या पायऱ्यांच्या विहिरीवर, लेख चढवला होता. गावभर सांगूनही झालं होतं. आणि आज सकाळी बघतो तर पान कोरं. लेख पुसणारे त्र्यंबकमास्तर, आणि त्याला हाताला धरून या कोशात आणणारेही तेच!

"मजकूर माझा होता," मास्तर म्हणाले. "खाली नाव तुझं एकट्याचं."

"तुमच्यासारखं मला जमणार आहे का? आदरानंच घेतलं. काना-मात्रासुद्धा बदलली नाही."

"तेच तर."

सुदर्शनचा पारा चढला. "बरं, मग परवानगी द्या. दोन ओळी लिहून द्या, विषय मिटला."

मास्तरांनी कपाटातून आपलं पुस्तक काढलं, पान उघडून त्याच्यापुढे धरलं.

"शेवटचं वाक्य वाच. मोठ्यानं."

"'सांप्रत ही बारव कोरडी पडली आहे.'"

"तुझी आई पाणी कुठनं आणते?"

"बारवेतनं," तो कसाबसा म्हणाला. त्याला भयंकर लाज वाटली. त्याच पाण्यावर तो वाढला होता, आणि ते आटलं म्हणून त्यानंच जगाला सांगितलं होतं.

"मी बारव बघायला गेलो ते दुष्काळाचं साल होतं," मास्तर म्हणाले. "तू तर तिथलाच."

"आईचं नाव संदर्भ म्हणून चालेल?"

"नाही. छापील काहीतरी आण."

"पंचायतीचा पाण्याचा अहवाल आहे. यंदाचाच."

सुदर्शननं लॅपटॉप उघडला. लेख पुरा झाल्याशिवाय उठायचं नाही, असं त्यानं ठरवूनच टाकलं. पुस्तक वाचायचं, मिटायचं, मग आपलं वाक्य जुळवायचं. जमलं नाही की खोडायचं आणि पुन्हा लिहायचं. मास्तरांनी आणून ठेवलेला चहा निवून गेला.

शेवटापाशी मात्र बोटं अडली.

"मास्तर... पुस्तकातलं विधान आता बरोबर नाही, असं लिहावं लागेल. तुमचं नाव नको घालायला. बरं दिसत नाही."

"घाल."

"पण..."

"उचललंस तेव्हा घातलं नाहीस. खोडतोस तेव्हा तरी घाल."