परटाचा फेस आणि सरदाराची तहान

ही गोष्ट शपथेवर खरी आहे, मी स्वतः पाहिलेली. म्हणजे पाहिली माझ्या आज्यानं, आणि त्यालाही ती कुणीतरी सांगितली होती. पण खरी आहे.

एका नदीकाठी एक परीट राहायचा. घरात परटीण, दारात सरदार. सरदार म्हणजे त्याचं लाडकं गाढव. गावभरचे कपडे पाठीवरून घाटावर आणायचा आणि धुणं होईपर्यंत खालच्या अंगाला एका दगडापाशी उभा राहून पाणी प्यायचा.

परीट रिठ्यानं धुवायचा. एकदा बाजारात त्याला धुण्याची पूड मिळाली. चिमूटभर टाकली की ढीगभर फेस. जितका फेस तितकं स्वच्छ, असं गावानं ठरवूनच टाकलं. मग परीट चिमटीवरून मुठीवर आला, मुठीवरून ओंजळीवर. फेस इतका झाला, की एक काळी म्हैस नदीत शिरली आणि पांढरी होऊन बाहेर आली. मालक तिला घरात घेईना.

गाव हसलं. सरदार मात्र पाणी पिईना. तोंड लावायचा, शिंकायचा, मागं सरायचा. परटानं त्याला घाटाच्या वर ओढून पाहिलं, पण तो आपला दगड सोडेना. दोन दिवसांत त्याच्या बरगड्या दिसू लागल्या. परटाला घास गिळवेना.

परटीण म्हणाली, "अहो, सरदाराला एक वेळ उचलून वर न्याल. खालच्या गावाला कुठं नेणार?"

नेमके त्याच दिवशी पाटलाकडचे लग्नाचे कपडे आले. भरपूर फेसात धू, नाहीतर दुसरा परीट बघतो, असा निरोपही होता. परटानं पूड बाजूला ठेवली आणि रिठे भिजवले. धुणं काठावरच्या दगडी डोणीत केलं, आणि ते पाणी नदीत न सोडता केळींना घातलं.

पाटील घाटावर येऊन कुरकुरले, फेस कुठाय म्हणून.

परीट म्हणाला, "पाटील, लग्नात फेस नेसणार की धोतर?"

पाटलांनी धोतर उन्हात धरून उलटसुलट पाहिलं. डाग काही सापडेना. घडी करून घेऊन गेले.

तिसऱ्या दिवशी नदी निवळली. सरदार आपल्या दगडापाशी गेला, पाणी हुंगलं, आणि इतकं प्यायला, की नदी बोटभर उतरली. परीट त्याच्या गळ्यात हात घालून तिथंच बसून राहिला.

तात्पर्य: कपडा धुऊन झाला तरी पाणी संपत नाही, ते पुढं कुणाच्या तरी तोंडी जातं.

आता कबूल करतो, पांढरी म्हैस माझ्या पदरची. नदीही बोटभर नाही, थोडी कमीच उतरली असेल. पण गाढवाची तहान खरी.