तळ्यावरचा गोंदाजी

तळ्याच्या काठावर गुडघे पोटाशी घेऊन, गावाकडे पाठ करून बसल्यासारखा जो काळा दगड दिसतो ना, तो गोंदाजी. कशानेच ज्याचं समाधान होत नाही अशा माणसालाही आमच्या तांबेघोळीत गोंदाजीच म्हणतात. गरम भाकरी वाढली तर तोंड पोळलं म्हणणारा, निवलेली वाढली तर शिळी म्हणणारा. माहेरी आलेल्या मुलीला आई विचारते, "सासू कशी आहे गं?" मुलगी म्हणते, "गोंदाजी." मग आई पुढचं विचारत नाही.

गोंदाजी हा म्हणे घाटापलीकडच्या एका नवऱ्या मुलाचा मामा. त्या मुलाचं लग्न इथल्या सगुणाशी ठरलं होतं. सगुणाला आईबाप नव्हते. धाकटा भाऊ भिवा, त्यानेच मांडव घातला. वऱ्हाड तळ्याशी पोचलं आणि मामा रुसून काठावर बसला. मामा नवऱ्याच्या मागे उभा राहिल्याशिवाय अक्षता पडत नसत, आणि मुहूर्त टळला तर वऱ्हाड मुलाला घेऊन परत फिरणार होतं.

भिवाने मामाचे पाय धुतले. "पाणी गार आहे." तापवून आणलं, तर "धुराचा वास येतो." त्याने नवा फेटा बांधला. "हा उरलेल्या कापडाचा." शेवटी गोठ्यातली एकुलती दुभती म्हैस आणून पुढे उभी केली. मामाने तिला निरखून पाहिलं.

"शिंग वाकडं आहे."

"म्हशीचं शिंग वाकडंच असतं, मामा."

"बघ, उलट बोलतोस. मनापासून देत नाहीस तू, पोरा."

गुरं घराकडे वळली, गोरज मुहूर्त आला. भिवा पुन्हा पाया पडायला निघाला, तेव्हा सगुणाने हळदीच्या हाताने त्याचं मनगट धरलं.

"तीनदा वाकलास, भिवा. आता चौथ्यांदा वाकलास तर मीच मांडवातून उठेन."

भिवा तिरमिरीत तळ्यावर गेला. मामापुढे भरली पत्रावळ ठेवली. "मामा, तुमचा मान इथं आहे. जेवा, नाहीतर बसा." आणि परत येऊन स्वतःच नवऱ्याच्या मागे उभा राहिला. नवरा हसला म्हणे. वऱ्हाड भुकेलं होतं, कुणी हरकत घेतली नाही. अक्षता पडल्या.

चौथ्यांदा कुणीतरी येईलच म्हणून मामा बसून राहिला. पत्रावळीवर चिमण्या आल्या तरी त्याने मान वळवली नाही. सकाळी लोक पाहतात तर त्याचा दगड झालेला, असं सांगतात.

आजही इथे रुसलेल्याची समजूत तीनदाच काढतात. तिसऱ्यांदा कुणी आलं की फुगलेले पाहुणे झटकन पंगतीत येऊन बसतात. आणि आजही नवऱ्याच्या मागे नवरीचा भाऊ उभा राहतो. गेल्या वैशाखात ताईच्या लग्नात ती जागा आमच्या दादाची होती. पण तो त्याआधीच, फाल्गुनात, वारला. मग मी उभा राहिलो. त्याचा सदरा मला ढगळ होत होता, डोळे सारखे भरून येत होते. पण शेवटची अक्षता पडेपर्यंत मी जागचा हललो नाही.