दोन बोटांचा पंख

"मग तो पंख भिंतीवर टांगून कशाला ठेवलाय? शोभेला?" शलाकाने विचारलं.

बाबल गिरप रंधा मारत होता. त्याने हात थांबवला नाही.

"विकायचा नाही, कुणाला द्यायचा नाही. मग ठेवायचा कशाला, काका?"

"चाय घेतलंस?" बाबलने विचारलं.

"विषय बदलू नका."

बाबलने रंध्यात अडकलेला भुसा फुंकून टाकला आणि पुन्हा कामाला लागला.

सत्तरीचा म्हातारा. उभी हयात होड्यांची सुकाणी घडवण्यात गेलेली. बाबलचं सुकाणू लावलं की दारू प्यालेल्याच्या हातातली होडीसुद्धा घर चुकत नाही, असं वेंगुर्ल्याच्या त्या किनाऱ्यावर म्हणत. आठ वर्षांपूर्वी कोचरेकरांची दोन पोरं त्याच्या शेडमध्ये एक मोडका सांगाडा घेऊन आली. गोव्यातून स्वस्तात मिळालेलं हायड्रोफॉइल होतं ते. थोरला निनाद, धाकटी शलाका. "काका, ह्याचा पंख मोडलाय. जमेल?"

बाबलने ते उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाला, "जमाक काय धाड भरली?"

तिथून सुरुवात झाली. पोरांना पंख घडवून देता देता त्याने त्यांना वारा शिकवला, भरती-ओहोटी शिकवली, पाण्याचा रंग वाचायला शिकवलं. दोघं त्याला गुरू म्हणायला लागली तेव्हा तो चिडला होता. "मी सुतार आसंय. गुरू हुडकूक दुसरीकडे जावा."

आता हे मागच्या पंखाचं प्रकरण काय, ते आधीच सांगून टाकलेलं बरं. फळीच्या खाली एक लांब दांडा असतो. दांड्याच्या तळाशी आडवी कांडी. कांडीच्या पुढच्या टोकाला मोठा पंख, मागच्या टोकाला धाकटा. वाऱ्याने वेग दिला की पुढचा पंख फळीला पाण्याबाहेर उचलतो, आणि वरचा माणूस हातात शीड धरून पाण्यापासून हातभर उंच सरकत जातो. बघणाऱ्याला तो उडतोय असंच वाटतं.

सगळे कौतुक करतात ते पुढच्या पंखाचं. पण खरी मेख मागच्यात. मागचा रुंद लावला तर फळी शहाण्यासारखी चालते, पण हळू. अरुंद लावला तर वारा प्यालेल्या वासरासारखी उधळते. मग पाय तसूभर चुकला की नाक वर, नाहीतर नाक खाली, आणि माणूस पाण्यात.

भिंतीवरचा तो पंख दीड वीत लांब आणि जेमतेम दोन बोटं रुंद होता. बाबलने एवढा अरुंद पंख आयुष्यात एकच केला. निनादसाठी.

अकरा महिन्यांपूर्वी निनाद तो लावून दर्यातल्या पाखरांच्या खडकाकडे निघाला होता. जाऊन परत यायचं, पाऊण तासाच्या आत. तसं कुणी केलेलं नव्हतं. त्याची फळी संध्याकाळी खडकाच्या कपारीत सापडली. निनाद तिसऱ्या दिवशी सापडला.

गावाने दोन दिवस हळहळ केली आणि तिसऱ्या दिवशी निकाल देऊन टाकला. मस्ती नडली. मेलेल्या पोराबद्दल बोलायला गावाला काय लागतं?

"मी तोच पंख लावून खडकाला जाणार," शलाका म्हणाली. "त्याचं राहिलं ते मी करणार. मग बघते कोण काय बोलतं ते."

"कधी?"

"आज. आत्ता. मतलई आहे तोवर."

मतलई म्हणजे जमिनीकडून दर्याकडे सुटणारा सकाळचा वारा. तो जाताना मदत करतो. येताना त्याच्याशी भांडावं लागतं.

बाबलने पहिल्यांदाच मान वर करून तिच्याकडे पाहिलं. डोळे सुजलेले, केस घट्ट बांधलेले. पुण्याला शिकून आल्यापासून ती शुद्ध बोलायची, तो त्याची मालवणीच बोलायचा, आणि तिला चेडवा, म्हणजे पोरी, अशी हाक मारायचा. आज तिच्या शुद्ध बोलण्याला धार होती.

"आवशीक सांगलंस?"

"आई झोपली होती."

हे खरं होतं. निघताना शलाकाने झोपलेल्या आईच्या डोक्यावरून हात फिरवला होता. फोन मुद्दाम देव्हाऱ्यापाशी ठेवला होता. परत यायचं कसं, याचा विचार तिने केलाच नव्हता. का केला नाही, हे तिने स्वतःलाही विचारलं नव्हतं.

बाबल उठला. भिंतीवरून तो पंख काढला. मांडणीवरून आणखी एक पंख घेतला, साधा, चांगला पाच बोटं रुंद. दोन्ही काखेत मारून तो खाडीच्या तोंडाकडे चालू लागला.

"काका, आता ते नको. आठ वर्षं झाली मला. ते नवशिक्यांसाठी आहे."

"चल."

बाबलची ही रीतच होती. मागचा पंख तो कधी कुणाला नुसता हातात देत नसे. ओहोटीच्या ओढीत कंबरभर पाण्यात उभं करायचा आणि पंख दोन्ही हातांनी पाण्याखाली धरायला लावायचा. डोळे मिटून. पाणी पंखावरून जाऊ द्यायचं आणि तो हाताला काय सांगतो ते ऐकायचं. मग जो तो आपला पंख आपणच निवडायचा. बाबलने कधी कुणासाठी निवड केली नाही.

शलाका वैतागून पाण्यात शिरली. आधी रुंद पंख धरला.

"पंख काय करता?"

"खाली दाबतोय. मागचा पंख उचलत नाही, दाबतो. त्याने मागून दाबलं म्हणून नाक सरळ राहतं. माहीत आहे मला, काका. हात भरून आले. ओझं आहे नुसतं."

"दुसरो धर."

तिने निनादचा पंख धरला. डोळे मिटले.

पाणी पंखावरून जाऊ दिलं.

"हातात काही आहे असं वाटतच नाही," ती शेवटी म्हणाली. तिचा आवाज एकदम मऊ झाला होता. "काहीच नाही… किती बरं वाटतं."

"निनाद पण तसाच म्हणालेलो," बाबल म्हणाला.

"मग?"

"मग काय… मी दिलंय."

शलाका पाण्याबाहेर आली. तो पंख तिने छातीशी धरला होता. "मी हाच घेते. निवडायचा हक्क माझा आहे. तुमचाच नियम."

"घे."

ती थबकली. तिला वाटलं होतं म्हातारा अडवेल, ओरडेल. रात्रभर तिने भांडणाची तयारी केली होती आणि आता भांडायला समोर कुणीच नव्हतं.

बाबलने खिशातून स्क्रू पिळायची चावी काढून तिच्या हातात दिली. शलाका आधीच आणून ठेवलेल्या आपल्या फळीपाशी वाळूत बसली. फळी उलटी केली, कांडीच्या टोकाला पंख बसवला, दोन्ही स्क्रू पिळले. काम चोख केलं. बाबलचीच शिष्या ती.

फळी उचलायला ती वाकली, तेव्हा बाबलने विचारलं.

"काठार कोण उभो रवतलो?"

हा त्याचा दुसरा नियम. पाण्यात एक, काठावर एक. काठावरच्याने नारिंगी फडकं हातात धरायचं, आतल्यावरची नजर काढायची नाही, आणि आतला दिसेनासा झाला की होडीवाल्याला हाक मारायची. बाकी कितीही हुशारी करा, काठावर माणूस नसेल तर पाण्यात पाय घालायचा नाही.

"कोणी नको," शलाका म्हणाली.

"नियम आसा."

"शिकाऊ पोरांसाठी. मी राज्यात पहिली आलेय, काका. दोनदा. मला कोणी लागत नाही."

"निनादाक लागी होता?"

तिने फळीला हात घातला.

"त्या दिवशी काठार कोण होता?"

"मी होते!" शलाका ताडकन म्हणाली. "सगळ्या गावाला माहीत आहे. मी होते."

बाबल खाली बसला, तिच्या मुठीतून चावी घेतली आणि नुकताच बसवलेला पहिला स्क्रू उलटा फिरवायला लागला.

"मी होते म्हटलं ना…"

स्क्रू निघाला. बाबलने तो वाळूत पडू न देता तळहातावर ठेवला आणि दुसऱ्याला चावी लावली.

"असं काय करताय? बोला ना काहीतरी! मी खोटं बोलतेय असं वाटतं का तुम्हाला?"

दुसरा स्क्रू घट्ट बसला होता. म्हाताऱ्याला जोर लावावा लागत होता.

"आईचा फोन आला होता," शलाका म्हणाली.

बाबलचा हात थांबला.

"घावणे झालेत म्हणाली. गरम आहेत, दोघंही या. मी म्हटलं, तो खडकाला पोचून वळेपर्यंत मी खाऊन येते… वीस मिनिटं, काका. देवाशप्पथ, वीसच मिनिटं."

ती त्याच्यासमोर वाळूत बसली.

"परत आले तर दर्या रिकामा. वाटलं, खडकाआड असेल. होडी पाठवली असती आणि तो हसत बाहेर आला असता, तर जन्मभर चिडवलं असतं मला. म्हणून थांबले. तासभर… तासभर मी नुसती फडकं घेऊन उभी राहिले."

आणि मग तिला जे रडू आलं ते थांबेना. अकरा महिने तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं. आई रोज विचारायची, शेवटी तुला कसा दिसला गो? आणि ती रोज सांगायची, हसत होता.

बाबलने तिला उगी म्हटलं नाही. तो समोर बसून राहिला.

"माका ठाऊक आसा," तो म्हणाला.

"काय?"

"तू घराक जाताना मी बघितलंय."

शलाकाने तोंडावरचे हात काढले.

"सुकाणवाक पॉलिश लावी होतंय. हात भरलेले. म्हटलं, येतलंस तू इतक्यात… काठ रिकामो दिसी होतो माका. उठाक नाय मी."

"तुम्ही… तुम्हाला माहीत होतं?"

"पंख पण मीच दिलेलो."

म्हाताऱ्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं. त्याने ते पुसलं नाही. शलाकाला त्याचा भयंकर राग आला. उठावं आणि त्याला गदागदा हलवावं, असं तिला वाटलं. मग तिने त्याचे हात पाहिले. बोटांच्या पेरांत पॉलिश मुरून काळं झालेलं होतं, आणि ते हात आता मांडीवर नुसते पडले होते. तिचा राग कुठे गेला ते तिलाच कळलं नाही. उरलं ते दुःख, आणि ते दोघांचं एकच होतं.

"मी त्या दिवशी उभी असते तर वाचला असता तो?"

बाबलने समुद्राकडे पाहिलं.

"वाचलो असतो तो कदाचित," तो म्हणाला.

अकरा महिन्यांत तिला हे कुणी म्हटलं नव्हतं. सगळे म्हणायचे, नशीब. सगळे म्हणायचे, तुझा काय दोष. ते ऐकताना तिला गुदमरल्यासारखं व्हायचं. आज पहिल्यांदा श्वास आत गेला, आणि आत जाताना फार दुखला.

"मग मी तरी परत कशाला यायचं, काका?" तिने विचारलं. अगदी हळू विचारलं.

बाबलने चावी पुन्हा स्क्रूला लावली.

"सांगा ना."

बाबलने जोर लावला. त्याने दुसरा स्क्रू काढला. निनादचा पंख कांडीवरून सुटून वाळूत आडवा झाला. म्हाताऱ्याने रुंद पंख घेतला, आपल्या सदऱ्याने पुसला आणि कांडीच्या टोकावर बसवला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने कुणासाठी तरी पंख निवडला होता. आपली रीत मोडताना त्याचा स्क्रू दोनदा चुकला. तिसऱ्यांदा शलाकाने पुढे होऊन पंख धरला.

मग तो उठला. शेडच्या दारामागून नारिंगी फडकं घेऊन आला आणि गुडघाभर पाण्यात जाऊन उभा राहिला.

"त्या जाळ्याच्या खुंटापर्यंत जा," तो म्हणाला. "आणि फीर. मी हयच आसंय."

शलाका फळी घेऊन त्याच्या शेजारी आली. पाणी थंड होतं. मासेमारीची जाळी बांधायचे ते खुंट जवळच होते, तिथून माणसाचा चेहरा ओळखू यावा इतक्या जवळ. पण तिची नजर त्यांच्यावरून पुढे गेली, खूप पुढे, जिथे पाखरांचा खडक उन्हात काळा दिसत होता.

"आणि खडक?" ती म्हणाली. "हा पंख फार हळू चालतो, काका. याच्यावर तिथं पोचेपर्यंत मतलई पडेल. मला उशीर होईल…"

बाबलने फडकं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

"होवंदे उशीर," तो म्हणाला. "निनाद थंय नाय, चेडवा."