स्वयंभू यक्षाचा हात

डोंगरसुद्धा मनातलं बोलून दाखवत, त्या काळची ही गोष्ट. एका खाणीतून कोरून नेलेला ताडाएवढा दगडी यक्ष पलीकडच्या टेकडीवर उभा होता. लोकांनी वाहिलेल्या तेलाने तो काळाकुळकुळीत झाला होता. खाणीच्या अंगावर मात्र छिन्नीचे घाव तसेच होते. तिच्या कुशीत यक्षाचा धाकटा भाऊ पडून होता. कंबरेला तडा गेला म्हणून कारागिरांनी त्याला अर्धाच सोडलेला.

एकदा टेकडीवरची साळुंकी खाणीत आली. म्हणाली, "खाणबाई, वीज पडून यक्षाचा आशीर्वादाचा हात तुटला. तुमच्या जांभळट दगडाचा तुकडा मागितलाय त्याने. पण गुपचूप द्या. लोक त्याला स्वयंभू म्हणतात, आणि तोही हो म्हणतो."

खाणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "स्वयंभू? मग हातही आपोआप उगवू दे की. माझं काळीज पोखरलं, तेव्हा हा उभा राहिला. चारचौघांत एकदाच म्हणावं, मी या खाणीचा. धाकट्याच्या उशाचा दगड काढून देते."

साळुंकी निरोप घेऊन गेली आणि संध्याकाळी परतली. "तो म्हणतो, हात नको. एका हाताचाच प्रकटलो, असं सांगेन."

"सांगू दे," खाण म्हणाली. "तुटल्या जागी माझाच रंग दिसतोय, तो कुठे लपवणार?"

दुसऱ्या दिवसापासून त्या तुटक्या मनगटावर शेंदराचे थर चढू लागले. दर पावसाळ्यात ते धुऊन जातात.