कमठाबाईचा वसा

फार मागची गोष्ट. दोन किनाऱ्यांच्या मधल्या बेटावर वणवा पेटला, तेव्हा एक खार आपल्या तीन पिल्लांना घेऊन केळीच्या खांबावर बसून समुद्रात निघाली. लाटेनं खांब उलटला. तेवढ्यात कमठाबाई नावाची म्हातारी कासवीण खालून वर आली आणि तिनं चौघांना पाठीवर घेतलं.

उत्तर किनाऱ्यावर खेकड्यांचा पहारा होता. "आमच्या पाण्यात बुडत नव्हती ही," त्यांचा नाईक म्हणाला. "दक्षिणेला ने."

दक्षिणेचे खेकडे हसले. "उचललीस तू, सांभाळ तू!"

खार रडवेली झाली. "मावशी, बुडी मारल्याशिवाय तुम्हाला घास मिळत नाही. आमच्यापायी किती दिवस वर राहाल?"

"तुमचे पाय जमिनीला लागेपर्यंत माझा उपास," कमठाबाई म्हणाली. "वसा घेतलाय, आता टाकायचा नाही."

ती तिथंच तरंगत राहिली. दुसऱ्या दिवशी उन्हानं पिल्लं मलूल झाली, तिचीही मान लोंबली, पण तिनं बुडी मारली नाही. ते बघून दक्षिणेची एक खेकडीण नवऱ्यावर खेकसली, "अहो, उद्या उधाणात आपली पोरं पलीकडे वाहून गेली, तर त्यांनीही असंच विचारायचं का, कुणाच्या पाण्यातली म्हणून?"

पहारेकरी ओशाळले. दोन्हीकडचे खेकडे पहिल्यांदाच एकत्र बसले. बुडणारा कुणीही असो, जवळच्या किनाऱ्यानं त्याला उतरवून घ्यायचं आणि दुसऱ्यानं दाणापाणी पाठवायचं, असं ठरलं.

दक्षिण किनारा जवळ होता. शेवटच्या पिल्लाचे पाय वाळूला लागले, तशी कमठाबाईनं देवाचं नाव घेतलं आणि जेवायला खोल बुडी मारली.